पॉलिशिंग मशीन हाती घेण्यापूर्वी

गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा असतो. माणसाचा केस बहुधा त्याहून जाड भरतो. पॉलिशने ओरखडा बुजत नाही. भोवतालचा थर झिजवून पृष्ठभाग सपाट होतो. गेलेला थर परत येत नाही.

म्हणून आधी नखाची चाचणी. ओरखड्यावर नख आडवे फिरवल्यावर अडकले, तर चरा खोल आहे आणि तो पूर्ण घालवण्याचा हट्ट धरू नये.

नवशिक्यांसाठी ड्युअल अ‍ॅक्शन मशीन उत्तम. त्याचे पॅड फिरता फिरता हेलकावतेही, त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही. रोटरी मशीन झपाट्याने काम करते, पण क्षणभर रेंगाळले तरी रंग जळू शकतो. पॅनेलच्या कडांवर थर सर्वांत पातळ असतो. तिथे मास्किंग टेप लावावी. पहिला सराव भंगारातल्या बॉनेटवर करावा.

गाडी धुऊन, क्ले बारने रुतलेली घाण काढल्यावर दीड-दोन फुटांचा चौकोन घ्यावा. पॅडवर पॉलिशचे वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. मशीन सावकाश, आडवे-उभे, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवत फिरवावे. सुरुवात नेहमी मऊ पॅड आणि सौम्य पॉलिशने.

शेवटी पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो भाग पुसून तिरप्या टॉर्चखाली पाहावा. पॉलिशमधले तेल ओरखडे तात्पुरते झाकते; ते निघाल्यावरच खरा निकाल दिसतो.