इंग्रजी प्रश्न विचारताना मान कुठे द्यायचा?

दहावी-बारावीनंतर कॉलेजची किंवा नोकरीची मुलाखत आली, की उर्दू आणि मराठी माध्यमातली आपली बरीच मुलं इंग्रजीला घाबरतात. शब्द पाठ असतात, पण ‘इज’ की ‘आर’, ‘डू’ की ‘डज’ इथेच गाडी अडते. मुलं हुशार नाहीत असं मुळीच नाही. घरची भाषा वेगळ्या नियमाने चालते, एवढंच.

आपण मराठीत विचारतो, ‘तुमचे अब्बा घरी आहेत का?’ उर्दूत म्हणतो, ‘वालिद साहब घर पर हैं?’ माणूस एकच, पण मान द्यायचा म्हणून क्रियापद अनेकवचनी. हीच सवय इंग्रजीत नेली की ‘आर युवर फादर ॲट होम?’ असं चुकीचं वाक्य तोंडातून निघतं. इंग्रजी क्रियापद वय बघत नाही, मान बघत नाही. कर्ता एक की अनेक, एवढंच बघतं. वडील एक, म्हणून ‘इज युवर फादर ॲट होम?’ आई-वडील दोघे, म्हणून ‘आर युवर पेरेंट्स ॲट होम?’ ‘यू’ मात्र वेगळा. समोर एक माणूस असो की दहा, ‘आर यू’ आणि ‘डू यू’ हेच बरोबर.

आता ‘डज’ बघू. ‘माय फादर वर्क्स हिअर’ यात ‘वर्क’ला ‘स’ लागतो. प्रश्न करताना तो ‘स’ ‘डज’मध्ये जातो: ‘व्हेअर डज युवर फादर वर्क?’ इथे पुन्हा ‘वर्क्स’ म्हणायचं नाही. ‘डिड’चंही तसंच. ‘डिड यू गो?’ बरोबर, ‘डिड यू वेंट?’ चूक. ‘हू’ स्वतःच कर्ता असेल तर ‘डज’ लागत नाही: ‘हू लिव्ज विथ यू?’ उत्तरात पाच नावं आली तरी प्रश्नात ‘लिव्ज’च.

मग मान द्यायचा कुठे? तो शब्दांच्या निवडीत. ‘व्हेअर इज द ऑफिस?’ हे व्याकरणाने बरोबर आहे, पण अनोळखी माणसाला थोडं रोखठोक वाटू शकतं. ‘कुड यू प्लीज टेल मी व्हेअर द ऑफिस इज?’ यात अदब आली. लक्षात ठेवा, इथे ‘इज’ शेवटी जातो.

‘इस्म-ए-शरीफ?’ किंवा ‘शुभनाव?’ याचं शब्दशः भाषांतर म्हणजे ‘गुड नेम’. आपल्याकडे ते सगळ्यांना कळतं, परदेशी माणूस मात्र गोंधळू शकतो. त्याऐवजी ‘मे आय नो युवर नेम, प्लीज?’ विचारा. वर्गात शंका असेल तर ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणा, कारण ‘डाउट’चा अर्थ बाहेर बहुतेकदा संशय किंवा अविश्वास असा घेतला जातो.

पालकांनी रोज घरी मुलांकडून इंग्रजीत पाच प्रश्न विचारून घ्यावेत. प्रत्येक वेळी आधी एकच बघायचं: कर्ता कोण, आणि तो एक की अनेक?