व्हिडिओ एडिटिंग शिकायचंय? लॅपटॉप घेताना स्टिकर नको, फुटेज बघा

दहिसरला आमच्या बिल्डिंगमधला एक मुलगा लग्नाचे व्हिडिओ एडिट करायला शिकतोय. बजेट ६० हजार, तेही वडील हप्त्याने भरणार. म्हणजे पुढची चार वर्षं याच मशीनवर काढायची. दुकानदार त्याला म्हणाला, ‘आय ७ आहे, डोळे झाकून घे.’ मी म्हटलं, आधी तू कुठलं फुटेज एडिट करणार ते सांग.

कारण सगळा खेळ तिथे आहे. फोन किंवा कॅमेरा जागा वाचवायला व्हिडिओ एच.२६४ किंवा एच.२६५ मध्ये दाबून ठेवतो. अधूनमधून एक पूर्ण चित्र आणि मधल्या फ्रेम्समध्ये फक्त काय बदललं त्याची नोंद. सरळ बघताना काही जाणवत नाही. पण एडिटिंग करताना आपण टाइमलाइनवर पुढे-मागे उड्या मारतो आणि दर उडीला जवळच्या पूर्ण चित्रापासून हिशोब करून ती फ्रेम पुन्हा तयार करावी लागते. लॅपटॉप अडकतो तो इथे.

या कामासाठी चिपमध्ये वेगळा भाग असतो. इंटेलमध्ये त्याला क्विक सिंक म्हणतात. फोनचं १० बिट एच.२६५ त्याला सातव्या पिढीपासून जमतं. बरेच मिररलेस कॅमेरे देतात ते ४:२:२ १० बिट एच.२६५ हवं असेल, तर अकरावी पिढी किंवा पुढची बघा. गंमत म्हणजे एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४० सिरीजपर्यंतच्या कार्डांना हे ४:२:२ हार्डवेअरमध्ये उलगडता येत नाही. ते ५० सिरीजमध्ये आलं. जड इफेक्ट्स आणि कलर ग्रेडिंगला कार्ड लागतंच, पण कट मारायला शिकणाऱ्याने फक्त त्यासाठी बजेट ताणू नये.

प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षरही बघा. यू म्हणजे कमी वीज खाणारा, एच म्हणजे दमदार. लांब एक्सपोर्टमध्ये एचवाला आय ५ पातळ लॅपटॉपमधल्या यूवाल्या आय ७ ला मागे टाकू शकतो.

रॅम १६ जीबी. आज ८ च परवडत असेल, तर नंतर वाढवता येईल असंच मशीन घ्या. दुकानातच टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरी बघा. ‘स्लॉट्स यूज्ड’पुढे ‘१ ऑफ २’ असेल तर पुढे लॅमिंग्टन रोडला जाऊन दुसरी स्टिक टाकता येईल. ‘फॉर्म फॅक्टर’पुढे ‘रो ऑफ चिप्स’ दिसलं, तर ती रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली आहे.

स्टोरेजचा हिशोब सोपा आहे: १०० एमबीपीएसचं फुटेज तासाला ४५ जीबी खातं. म्हणून ५१२ जीबीचा एसएसडी आणि जोडीला बाहेरची डिस्क.

स्क्रीनकडे मात्र कुणीच बघत नाही. ‘४५% एनटीएससी’ लिहिलेला पॅनेल टाळा, ‘१००% एसआरजीबी’ शोधा. नाहीतर नवरीच्या शालूचा लाल तुम्हाला फिका दिसतो, तुम्ही तो वाढवता आणि गिऱ्हाइकाच्या टीव्हीवर तो भडक होतो.

एवढं करूनही टाइमलाइन अडकली तर प्रॉक्सी बनवा, म्हणजे फुटेजची हलकी कॉपी. कट त्यावर मारायचे, एक्सपोर्ट मूळ फाइलमधून. डाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीतही ही सोय आहे. फक्त त्या आवृत्तीत काही फॉरमॅटवर बंधनं आहेत, म्हणून पैसे भरण्याआधी आपलीच एक क्लिप कुणाच्या तरी मशीनवर त्यात उघडून बघा.