विश्लेषण : क्वांटम गणितात विकलन एकच का नसते?

क्ष वर्गाचे विकलन २क्ष, हे बारावीच्या विद्यार्थ्याला पाठ असते. ‘क्वांटम ग्रुप’ नावाच्या गणिती रचनांवर मात्र विकलनाची पद्धत आधी निवडावी लागते. अशा पद्धती किती, याची यादी करण्याचे काम १९८०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले.

क्वांटम ग्रुप म्हणजे काय?

चेंडू कसाही फिरवला तरी तसाच दिसतो. अशा फिरवण्यांच्या समूहाला गणितात ग्रुप म्हणतात. समूहाचे नियम बीजगणिताच्या भाषेत लिहिले की हॉप्फ बीजगणित मिळते. त्यात ‘अ गुणिले ब’ आणि ‘ब गुणिले अ’ वेगळे येऊ दिले, की क्वांटम ग्रुपचे दार उघडते. व्लादिमिर ड्रिनफेल्ड यांच्या १९८६ मधील बर्कली येथील व्याख्यानानंतर हे नाव रुळले.

विकलन बदलते कसे?

वर्गात डीक्ष हा क्षच्या डावीकडे लिहिला काय नि उजवीकडे काय, फरक पडत नाही. ही मुभा काढून टाकू. डीक्ष हा क्षला ओलांडून पलीकडे गेला की क्षमध्ये ३ मिळवायचे, असा नियम करू. गुणाकाराचा नेहमीचा नियम तसाच ठेवला तरी क्ष वर्गाचे विकलन आता २क्ष + ३ येते. पडताळा सोपा आहे : ५चा वर्ग २५, तीन पावले पुढे ८चा वर्ग ६४; फरक ३९, भागिले ३ म्हणजे १३. हेच २ × ५ + ३. तीनऐवजी कोणतीही संख्या चालते. शून्य घेतले की न्यूटन-लायब्निट्झ यांचे कलन परत मिळते. म्हणजे साध्या रेषेवरही पर्याय अगणित.

मग निवड कशी करायची?

पोलिश गणितज्ञ स्टॅनिस्लॉ वोरोनोविच यांनी १९८९ मध्ये कसोटी दिली : विकलन समूहाच्या डाव्या आणि उजव्या, दोन्ही बाजूंच्या क्रियेशी जुळले पाहिजे. या चाळणीतून थोडेच उरते. तीन वस्तूंच्या सहा मांडण्या घ्या. त्यांच्या समूहावर, आणखी तुकडे न पडणारी दोनच कलने उरतात. एकात दोन वस्तूंची अदलाबदल हे पाऊल. प्रत्येक मांडणीला तीन शेजारी. दुसऱ्यात तिन्ही वस्तू चक्राकार फिरतात; शेजारी दोनच, आणि सहा मांडण्या दोन सुट्या त्रिकोणांत फुटतात. बिंदू तेच, भूमिती निराळी.

पेच कुठे आहे?

तीन मितींच्या ‘एसयू-२’ या समूहाच्या क्वांटम रूपात. वोरोनोविच यांनीच १९८७ मध्ये त्यासाठी तीन मितींचे कलन रचले होते. पण ते एकाच बाजूने जुळते. दोन्ही बाजूंची अट घातली की सर्वात लहान कलने चार मितींची निघतात, तीही दोन. सममिती हवी तर एक जादा दिशा पत्करा, मिती जपायची तर अर्धी सममिती सोडा. सौदा तसा महागच.

लायपझिगचे कॉनराड श्म्युडगेन आणि अ‍ॅक्सेल श्युलर यांनी १९९५ मध्ये ए, बी, सी, डी या चारही मोठ्या कुळांतील क्वांटम ग्रुपसाठी वर्गीकरण मांडले. पुढे शाहन माजिद यांनी अशी कलने समूहाच्या निरूपणांशी जोडली. अवकाश-काळ अतिसूक्ष्म पातळीवर सलग नसेल, तर तेथे कोणते कलन चालवायचे, हा प्रश्न भौतिकशास्त्रज्ञांनाही पडतो. एसयू-२च्या त्या जादा चौथ्या दिशेतील विकलन उष्णतेच्या नि तरंगांच्या समीकरणांत भेटणाऱ्या लाप्लासियनसारखे वागते, म्हणून काही जण तिला अडचण न मानता कामाची वस्तू मानतात.