डोळे मिटून बेदाणा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतले आम्ही काही विज्ञान-शिक्षक एकदा कराडला जमलो होतो. तासगावकडच्या एका सरांनी येताना बेदाण्याच्या दोन पुड्या आणल्या. एकीतला बेदाणा हिरवा, चकचकीत आणि महाग. दुसरीतला तपकिरी आणि स्वस्त. द्राक्षाची जात मात्र एकच. आम्ही दोन्ही खाऊन दहापैकी गुण दिले. हिरव्याला आठ-नऊ, तपकिरीला चार-पाच. 'हिरवाच गोड' यावर एकमत झाले. तेव्हा सर म्हणाले, "हे जिभेनं ठरवलंत की डोळ्यांनी?"

प्रश्न साधा होता, पण आम्हाला उत्तर देता येईना.

आधी बेदाण्याला रंग कसा येतो ते पाहू. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो. तो पाणी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून घड पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएट यांच्या द्रावणात बुडवतात आणि शेडमध्ये जाळ्यांवर सावलीत पसरतात. साधारण दोन-तीन आठवड्यांत चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. सालीतल्या काही पदार्थांचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग झाला की ते तपकिरी होतात. कापलेले सफरचंद काळवंडते तसेच. या क्रियेला एक विकर मदत करते. सावलीत लवकर सुकवल्यास आणि गंधकाची धुरी दिल्यास ही क्रिया रोखली जाते. उन्हात वाळवलेला माल तपकिरी होतो. म्हणजे एकाच बागेतल्या सारख्याच पिकलेल्या द्राक्षांचा रंग मुख्यतः सुकवण्याच्या रीतीने बदलतो. साखर मात्र द्राक्ष वेलीवर असतानाच भरलेली असते.

तरीही आम्हाला हिरवा गोड का लागला? याचे उत्तर शोधताना द्राक्षाच्या दुसऱ्या पदार्थाकडे, वाइनकडे वळावे लागते. चव घेऊन गुण देण्याचा अभ्यास तिच्यावर पुष्कळ झाला आहे. २००१ साली फ्रान्समधील बोर्दो येथे वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला तांबडा रंग मिसळून ती त्यांना दिली. त्यांनी तिच्या वासाचे वर्णन तांबड्या वाइनसाठी वापरतात त्या शब्दांत केले! २००८ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी ५ डॉलरची तांबडी वाइन एकदा खरी किंमत सांगून आणि एकदा '४५ डॉलरची' म्हणून दिली. महाग म्हणून दिलेली लोकांना अधिक आवडली. हे लोक खोटे बोलत नव्हते. चव जाणवताना मेंदू जिभेबरोबर नाकाचे, डोळ्यांचे आणि आधीच्या समजुतीचेही ऐकतो.

मग जिभेची एकटीची परीक्षा कशी घ्यावी? चहात दूध आधी घातले की नंतर, हे चवीवरून ओळखते असे इंग्लंडमधील एका बाईंचे म्हणणे होते. रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने त्यावरून आठ कपांची परीक्षा आखली आणि १९३५ च्या आपल्या पुस्तकात तिची चर्चा केली. आम्ही तीच रीत घेतली.

सारख्या आकाराचे चार हिरवे आणि चार तपकिरी बेदाणे घेतले. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवला. खाणाऱ्याचे डोळे बांधले. चमच्याने भरवणाऱ्यालाही क्रम माहीत नव्हता आणि त्याचेही डोळे बांधले होते. नाहीतर आवाजावरून नकळत सूचना मिळते. दोन बेदाण्यांच्या मध्ये पाण्याची चूळ. चार हिरवे कोणते, एवढेच सांगायचे.

साताऱ्याच्या एका बाईंनी आठांपैकी सहा बरोबर ओळखले. टाळ्या पडल्या. पण जरा हिशेब करू. आठांतून चार निवडण्याचे ७० प्रकार आहेत. सगळे बरोबर येण्याचा प्रकार एकच. तीन हिरवे बरोबर आणि एक चूक, असे ४ × ४ = १६ प्रकार. म्हणजे नुसत्या अंदाजानेही सहा किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता ७० पैकी १७, जवळजवळ चारात एक! वीस जणांनी अंदाजाने सांगितले, तरी त्यांत चार-पाच जण असे 'तज्ज्ञ' निघायचे. बाईंना फरक कळत नाही, असेही यावरून सिद्ध होत नाही. परीक्षा पुन्हा घ्यावी लागेल, इतकेच.

हा प्रयोग वर्गात जरूर करावा. बेदाणे धुऊन पुसून घ्यावेत, चमचे वेगळे ठेवावेत. गंधकाची धुरी दिलेला माल दम्याच्या मुलांना त्रास देऊ शकतो. त्यांना नोंदी ठेवण्याचे काम द्यावे.

डोळ्यांचे काम निरुपयोगी आहे असे मात्र मुलांना सांगू नये. बुरशी आणि घाण डोळ्यांनीच दिसते. पण बाजारात रंगाला मोठा भाव आहे. बेदाणा शेडवर असताना अवकाळी पाऊस आला की माल काळवंडतो आणि दर कोसळतो. आपल्या वर्गात अशा घरची मुले असतील. त्यांना विचारा: भाव उतरला, त्यातला किती चवीचा आणि किती रंगाचा? ते कसे मोजाल? प्रयोगाची आखणी त्यांनाच करू द्यावी.