शांतता आणि शांतरस : 'द गिव्हर'मधील भावशून्य समाज

लोइस लॉरी या अमेरिकी लेखिकेची 'द गिव्हर' ही कुमारांसाठी लिहिलेली कादंबरी १९९३ साली प्रसिद्ध झाली आणि तिला १९९४चे न्यूबेरी पदक मिळाले. युद्ध, भूक, वेदना यांबरोबर रंग आणि ऋतूही वर्ज्य केलेला समाज तीत चित्रित झाला आहे. तेथे कोणी उपाशी राहत नाही. मराठी वाचक गीतेतील स्थितप्रज्ञाच्या आणि संतांच्या समचित्ततेच्या संस्कारात वाढलेला असतो. त्यामुळे राग, लोभ, मत्सर यांच्या पलीकडे गेलेल्या या समाजात वावगे ते काय, असा प्रश्न त्याला पडणे स्वाभाविक आहे. या प्रश्नाचे उत्तर पाश्चात्य डिस्टोपियाच्या परंपरेपेक्षा आपल्या रसविचारातून अधिक नेमके मिळू शकते.

शांत हा रस मानावा की नाही, हा जुना वाद आहे. धनंजयाने 'दशरूपका'त शांताला नाट्यात स्थान दिले नाही. सर्व व्यापारांचा लय झाल्यावर अभिनय कशाचा करायचा, ही त्यामागील अडचण. अभिनवगुप्ताने मात्र शांताला सर्व रसांचे मूळ मानले. त्याच्या दृष्टीने शांत म्हणजे भावांचा अभाव नव्हे. इतर सर्व भाव ज्यातून उठतात आणि ज्यात विरतात, ती ती भूमी आहे. गीतेतील समुद्र नद्या येऊन मिळत असतानाही अचल राहतो. लॉरीच्या समाजात नद्याच अडवलेल्या आहेत, आणि कोरड्या पात्राला शांत म्हणण्याची रीत पडली आहे.

येथे भावनांविषयी बोलणे मुळीच निषिद्ध नाही, ही या कादंबरीची सर्वांत सूक्ष्म योजना होय. रोज रात्रीच्या जेवणानंतर प्रत्येक कुटुंबात दिवसभरातील भावना सांगण्याचा विधी असतो. धाकटी लिली खेळाच्या मैदानावर आपल्याला राग आल्याचे सांगते, घरचे तिची समजूत घालतात आणि राग निवतो. पुढे खऱ्या क्रोधाची ओळख झाल्यावर नायक जोनस याच्या ध्यानात येते, की लिलीला आला होता तो राग नव्हताच. ती वरवरची चिडचिड होती. रसशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर या समाजात व्यभिचारी भाव तेवढे शिल्लक आहेत, स्थायी भाव नाहीत. आधाराला स्थायी नसल्यामुळे व्यभिचारी भाव क्षणभर दिसतात आणि नाहीसे होतात. शब्दांच्या काटेकोरपणाचा येथे मोठा आग्रह. 'तुमचे माझ्यावर प्रेम आहे का', असे जोनस विचारतो, तेव्हा आईवडील हसतात आणि तो शब्द अतिव्यापक, जवळजवळ कालबाह्य असल्याचे त्याला समजावतात.

स्थायी भाव नाहीत, याचे कारण वासना नाहीत. वासना म्हणजे पूर्वानुभवांचे चित्तात राहिलेले संस्कार. ज्याच्या ठायी ते नाहीत असा प्रेक्षक नाट्यगृहातील लाकूड, भिंत वा दगड यांच्यासारखाच, असे विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पणा'त म्हटले आहे. या समाजाने सर्व स्मृती एका वृद्धाच्या हवाली केल्या आहेत. बाराव्या वर्षी जोनसची निवड त्याचा वारस म्हणून होते आणि वृद्ध त्याच्या पाठीवर हात ठेवून एकेक स्मृती त्याला देतो : आधी बर्फ आणि घसरगाडी, मग ऊन, मग उन्हाने भाजलेली कातडी, शेवटी युद्ध. मराठी वाचकाला येथे 'श्यामची आई' (१९३५) आठवेल. श्यामही बेचाळीस रात्री आपल्या स्मृती इतरांना देत राहतो. मात्र ते ऐकायला आश्रमातील सारे सवंगडी जमतात. जोनसला दाराआड, एकट्याने त्या घ्याव्या लागतात. साने गुरुजींवर अश्रूंच्या अतिरेकाचा आक्षेप घेणाऱ्यांनी हा फरक अवश्य तपासावा.

लॉरी यांच्या वडिलांची स्मृती उतारवयात क्षीण झाली. दिवंगत मुलीचे छायाचित्र पाहून ते तिला ओळखत, पण तिचे पुढे काय झाले, हे त्यांना आठवत नसे, आणि त्याचे दुःखही होत नसे. कादंबरीचे एक बीज येथे आहे. दुसरे त्यांच्या बालपणात आहे : टोकियोतील कुंपणबंद अमेरिकी वसाहतीतून सायकलवर बाहेर पडून ही मुलगी शिबुयाच्या गजबजाटात जात असे. बोईसरची आखीव अणुऊर्जा वसाहत आणि कुंपणापलीकडचा बाजार पाहिलेल्या विद्यार्थ्याला हे उमजणे अवघड नाही. कुंपणाच्या आत सुरक्षित वाटते, हे लॉरीही नाकारत नाहीत.

समाज त्या वृद्धाकडे फक्त सल्ल्यासाठी येतो. जन्मसंख्या वाढवावी का, असे विचारल्यावर त्याला भुकेची स्मृती होते आणि तो नकार देतो. विचारणाऱ्यांना उत्तर मिळते, भूक कळत नाही. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्यांसाठी (२००५–०६) अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. 'प्रकल्पग्रस्त', 'पुनर्वसन' हे शब्द तेव्हा कागदोपत्री काटेकोरच होते; गावाचा किनारा त्यांत मावणारा नव्हता. तो आठवणारी माणसे मात्र एकटी नाहीत, हा कादंबरीहून असलेला मोठा भेद. पालघरमध्ये १४ ऑगस्ट १९४२ रोजी गोळीबारात पडलेल्या पाच हुतात्म्यांची स्मृतीही कोणा एकाच्या स्वाधीन केलेली नाही; ती भर चौकात आहे.

अनुवादकाची खरी कसोटी 'रिलीज' या शब्दापाशी लागेल. वृद्धांना, नियम मोडणाऱ्यांना आणि जुळ्यांपैकी वजनाने कमी भरलेल्या अर्भकाला हा समाज 'रिलीज' करतो. म्हणजे काय, हे जोनसला वडिलांच्या हातातील सुई पाहिल्यावर कळते. 'सुटका' हा शब्द अपुरा पडतो आणि 'निरोप' फार जिव्हाळ्याचा होतो. 'मुक्ती' योजावा, तर मोक्षाची सारी परंपरा त्या सुईच्या टोकावर येऊन उभी राहते. तरीही तोच शब्द योजावा; मराठी वाचकाला बसायला हवा तो धक्का त्यानेच बसेल.

गेब्रिएल या बाळाला घेऊन जोनस पळून जातो. बर्फाच्या उतारावर खाली दिवे दिसतात, संगीत ऐकू येते. हे मरण की आगमन, ते लॉरी यांनी संदिग्ध ठेवले होते. 'मेसेंजर' (२००४) आणि 'सन' (२०१२) या पुढील कादंबऱ्यांत जोनस जिवंत असल्याचे स्पष्ट झाले. कुमार वाचकांना त्याने दिलासा मिळाला असेल. पहिल्या कादंबरीच्या शेवटाचे मात्र त्यात नुकसानच झाले.