ओट्यावरचे शेवाळ आणि ॲसिडची बाटली

दिघीतल्या आमच्या गल्लीत बहुतेक घरांपुढे शहाबादी फरशीचा ओटा आहे. भोसरीच्या कारखान्यातून दुसरी पाळी करून आलेला माणूस अंधारात याच फरशीवर पाय ठेवतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या सासूबाई पहाटे पाणी भरताना तिथेच घसरल्या. मनगटाचे हाड मोडले. दीड महिना प्लास्टर आणि आम्हा दोघांचे आळीपाळीने खाडे. हातावर पोट असलेल्या घराला हे परवडत नाही.

खरे तर फरशी आम्ही दर पंधरा दिवसांनी संडासाच्या ॲसिडने घासत होतो. पांढरा फेस यायचा, फरशी उजळ दिसायची. पण तो फेस शेवाळाचा नव्हता, दगडाचा होता! कर्नाटकातल्या शहाबादच्या नावाने ओळखला जाणारा हा दगड चुनखडीचा. ॲसिड त्याला खाते. पाठ खरबरीत होते, बारीक खळग्यांत पाणी-माती साचते आणि शेवाळ अधिकच घट्ट धरते.

मग करावे काय? उघडीप पाहून आधी फरशी झाडून घ्यावी. प्लास्टिकच्या बादलीत दहा लिटर पाण्यात सुमारे १०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवावी. गाळ बसला की वरचे पाणी फरशीवर पसरावे. वीस मिनिटांनी ताठ खराट्याने घासून भरपूर पाण्याने धुवावे. हातात रबरी मोजे घालावेत. मुले आणि कुंड्या दूर ठेवाव्यात. आणि भगिनींनो, ब्लीचिंग व ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

पण हा अर्धाच उपाय झाला. शेवाळ ओल आणि उजेड यांवर वाढते. उजेड अडवता येत नाही, ओल अडवता येते. गळका नळ दुरुस्त करावा. भरून वाहणाऱ्या पिंपाकडे लक्ष ठेवावे. पत्र्याच्या पागोळ्या फरशीवर पडू देऊ नयेत. फुटलेले सांधे सिमेंटने भरावेत आणि उतार गटाराकडे काढावा.

हे काम एकट्या बाईवरही पडू नये. आता आमच्याकडे रविवारी हे खराटा मारतात, मुलगा पाणी ओततो, सासूबाई उंबऱ्यात बसून राहिलेला कोपरा दाखवतात. वर्षावासात त्यांना रोज विहारात जायचे असते. तिथल्या पायऱ्याही याच फरशीच्या आहेत. पुढच्या रविवारी गल्लीतल्या चार घरांनी मिळून त्या घासायचे ठरवले आहे. आपल्या गल्लीतही असा एक रविवार ठरवा.