गाडी धडधाकट, अडते एका सेलवर!

विजेवर चालणाऱ्या गाडीत फिरणारे भाग कमी असतात, त्यामुळे बिघाडही कमी होतात, हे खरे आहे. पण कंपनीने ते मॉडेल बनवणे थांबवले की खरी अडचण सुरू होते. पेट्रोल गाडीचा एखादा बुश किंवा दांडा लेथवर करून घेता येतो. विजेच्या गाडीचा कंट्रोलर लेथवर होत नाही.

आपल्याकडे याचे उदाहरण म्हणजे बंगळुरूची 'रेवा'. २००१ मध्ये आलेली ही छोटी गाडी पुढे महिंद्राकडे गेली. तिची पुढची पिढी 'ई-टू-ओ' २०१३ मध्ये बाजारात आली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. परदेशात हीच अडचण टेस्लाच्या पहिल्या 'रोडस्टर' या स्पोर्ट्‌स कारच्या मालकांपुढे आहे. २००८ ते २०१२ या काळात अशा सुमारे अडीच हजार गाड्याच बनल्या. इतक्या थोड्या गाड्यांसाठी नव्याने भाग बनवणे कोणत्याही कारखान्याला परवडत नाही. म्हणून जो भाग मिळतो तो महाग असतो.

साखळी आणि कमकुवत कडी

रोडस्टरच्या बॅटरीत ६,८३१ छोटे सेल आहेत. लॅपटॉपमध्ये असत तसेच, बोटाएवढे. ६९ सेल समांतर जोडून एक गट होतो आणि असे ९९ गट एकापुढे एक जोडलेले असतात. यातला एक गट अशक्त झाला की तो सर्वांत आधी रिकामा होतो. त्याला इजा होऊ नये म्हणून गाडीची यंत्रणा संपूर्ण बॅटरीच थांबवते. बाकी ९८ गट ठणठणीत असले, तरी गाडी जागची हलत नाही.

स्वस्त दुरुस्तीचा मार्गही इथेच सापडतो. पूर्ण बॅटरी बदलण्याआधी प्रत्येक गटाचा व्होल्टेज दोनदा मोजायचा: चार्जिंगनंतर एकदा आणि भार दिल्यावर एकदा. भाराखाली जो गट एकदम खाली येतो, दोष बहुधा त्याच्यात असतो. मात्र तिथे बसवायचे सेल क्षमता आणि अंतर्गत रोध जुळवूनच घ्यावे लागतात. बैलजोडीत एक दमदार आणि एक थकलेला बैल जुंपला तर जे होते, तेच न जुळणाऱ्या सेलचे होते.

'रेवा'चे गणित सोपे होते. सहा व्होल्टच्या आठ शिसे-आम्ल बॅटऱ्या, मिळून ४८ व्होल्ट. त्याच मापाच्या व क्षमतेच्या दुसऱ्या बॅटऱ्या बसवता येत असल्याने मालक एकाच कंपनीवर अवलंबून राहत नाही. भाग जितका सर्वसाधारण मापाचा, तितकी गाडी दीर्घायुषी.

मोटार भरता येते, पण...

रोडस्टरची मोटार थ्री-फेज इंडक्शन प्रकारची आहे. जालना जिल्ह्यातल्या विहिरींवरच्या थ्री-फेज मोटारीही त्याच तत्त्वावर चालतात. जळालेली मोटार भरून देणारे कारागीर आपल्याकडे गावोगावी आहेत. फरक वेगाचा आहे. पाण्याची मोटार मिनिटाला तीन हजारांपेक्षा कमी फेरे घेते, रोडस्टरची १४ हजारांपर्यंत जाते. तिथे तारेवरचा लेप आणि रोटरचा तोल यांत थोडीही कसर चालत नाही.

कंट्रोलरच्या बाबतीत अख्खी पेटी बदलण्यापूर्वी इलेक्ट्रॉनिक्सच्या जाणकाराकडून सर्किट तपासून घ्यावे. अनेकदा सुकलेला कपॅसिटर, जळालेला ट्रान्झिस्टर किंवा सुटलेला डाग एवढाच दोष निघतो. आणि त्याही आधी बारा व्होल्टची साधी बॅटरी पाहावी. ती उतरली, तर बहुतेक विजेच्या गाड्यांत मुख्य बॅटरी जोडणारा स्विच लागतच नाही आणि गाडी 'मेली' असे वाटते.

जिवाशी खेळ नको

रोडस्टरसारख्या गाडीत साडेतीनशेहून अधिक व्होल्टचा डीसी प्रवाह असतो. डीसीची ठिणगी एकदा पेटली की सहज तुटत नाही. बॅटरी वेगळी केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ वीज शिल्लक राहते. लिथियम बॅटरी पेटली तर विषारी वायू बाहेर पडतात आणि विझलेली आग पुन्हा भडकू शकते. त्यामुळे घरच्या घरी बॅटरी उघडू नये. प्रशिक्षित माणूस, इन्सुलेटेड हातमोजे आणि मोकळी जागा या तिन्ही गोष्टी असल्याशिवाय काम सुरूच करू नये.

जालना हे भंगार वितळवून सळई करणारे शहर आहे. जुन्या गाडीचा सांगाडा इथल्या भट्टीत जाऊन पुन्हा कामाला येतो. बॅटरी मात्र भंगारात चुकूनही जाता कामा नये. भट्टीत ती स्फोटक ठरते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी परत घेऊन तिच्या पुनर्प्रक्रियेची व्यवस्था करणे ही उत्पादकाची जबाबदारी आहे.

माहिती हाही सुटा भागच

टेस्लाने २०२३ मध्ये पहिल्या रोडस्टरच्या रचनेची बरीच कागदपत्रे सर्वांसाठी खुली केली. आराखडा हाती असला की स्थानिक कारागीरही भाग दुरुस्त करू शकतो. भारतातही ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' हे पोर्टल सुरू केले. त्यात शेती अवजारे आणि वाहने ही क्षेत्रेही आहेत.

विजेची स्कूटर वा कार घेताना आपण एका चार्जमध्ये किती किलोमीटर जाते, हे विचारतो. त्याच्या जोडीला आणखी तीन प्रश्न विचारावेत: बॅटरीचा एकच भाग बदलता येतो का, मॉडेल बंद झाल्यावर किती वर्षे भाग मिळतील आणि दुरुस्ती पुस्तिका बाहेरच्या मेकॅनिकला मिळेल का? उत्तरे लेखी मिळाली, तरच गाडीची खरी किंमत कळेल.